अकरा हजार शब्द आणि नऊ स्टुलं

आराखड्यानं ठरवलं होतं ते अगदी थोडं. 'या विषयावर जरा सविस्तर लिहू या,' एवढंच. 'जरा' आणि 'सविस्तर' हे दोन शब्द ज्याच्या तोंडी एकत्र येतात त्याच्यापासून घरच्यांनी जपून राहावं, हे त्याच्या घरच्यांना अजून उमगलं नव्हतं. कारण तो परत येऊन जेमतेम सात महिने झाले होते.

आराखडा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. नगररचना शिकायला तो दूरदेशी गेला, पाच वर्षं तिथं राहिला, आणि तिथली नोकरी नाकारून आपल्या गल्लीचं भलं करायला परत आला. (गल्लीनं बोलावलं नव्हतं.) वॉर्ड ऑफिसात कनिष्ठ सहायकाची जागा रिकामी होती, तिथं तो लागला. पहिल्याच आठवड्यात त्यानं शिंपीकाकांच्या दुकानासमोर उभं राहून गल्लीचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा हवेत बोटांनी काढून दाखवला. तो संपेपर्यंत शिंपीकाकांचा एक शर्ट शिवून, काजं-बटणं होऊन, इस्त्री करूनही झाला होता. तेव्हापासून नाव पडलं ते पडलं.

घरात माणसं तीन. आराखडा, त्याची बायको आणि आत्या.

आत्यानं त्याला लहानाचा मोठा केला. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. चौतीस वर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले आणि तीन मिनिटं झाली की मध्येच शिरून 'वेळ झाली' म्हणाली. निवृत्त झाल्यावर टेलिफोन सुटला, 'वेळ झाली' सुटलं नाही. कोणी बोलत बसलं की तिच्या आत कुठेतरी काटा फिरायला लागे. तीन मिनिटं भरली की ती तेवढ्याच गोड आवाजात 'वेळ झाली' म्हणे आणि उठून जाई.

बायको भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशनच्या टेबलावर ती माणसाला दहापासून उलटे आकडे मोजायला सांगे आणि माणूस सातच्या पुढे जात नसे. त्यामुळे समोरचा बोलतच राहिला तर तिला आपल्याकडूनच डोस कमी पडला असं वाटे.

अशा या दोन बायकांच्या मध्ये आराखडा राहत होता आणि त्याला लांबलचक लिहायची हौस होती.

विषय मात्र खरा होता. इमारतीच्या फाटकापासून चढावरच्या कोपऱ्यापर्यंत त्यांच्या रस्त्यावर तीन बाक होते. पहिला फाटकाबाहेर, दुसरा शिंपीकाकांच्या दुकानासमोर, तिसरा दवाखान्याच्या भिंतीला टेकून. त्या तीन बाकांवर आत्याचं सगळं जग टेकलेलं होतं. चढावर तिच्या जुन्या मैत्रिणी राहत होत्या, सगळ्या एकजात ऑपरेटर, आणि रोज दुपारी चारला त्यांचा पत्त्यांचा डाव बसे. आत्याचे गुडघे एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंतच साथ देत. बाक, दम, बाक, दम, बाक, दम, पत्ते. एक बाक जरी मधून काढला असता तरी आत्या डावापर्यंत पोचली नसती. आणि मागच्या हिवाळ्यात पाय मुरगळून ती तीन आठवडे घरी बसली होती तेव्हा तिचं काय झालं होतं ते दोघांनीही पाहिलं होतं. तिनं खिडकीशी खुर्ची ओढली होती आणि बोलणंच टाकलं होतं. तीन मिनिटांचंसुद्धा.

आता वॉर्ड ऑफिसनं ठराव केला की तिन्ही बाक काढायचे आणि तिथं गाड्या उभ्या करायच्या. नियमाप्रमाणे हरकतींसाठी तीन आठवड्यांची मुदत होती. शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पन्नास रहिवाशांनी लेखी हरकत घेतली, आणि प्रत्येकानं आपली वैयक्तिक अडचण लिहिली, तर ठराव रद्द. नाहीतर सोमवारी बाक उचलणार. आराखडा नोकरीत असल्यामुळे त्याला स्वतःला हरकत घेता येत नव्हती. नोटिसा चिकटवायचं काम मात्र त्याच्याचकडे आलं. खळीचा डबा आणि ब्रश घेऊन, डोळ्यांत पाणी आणून, त्यानं ते केलं.

त्या दिवशी आत्या पत्त्यांना गेली असताना त्यानं सगळं बायकोला सांगितलं.

"आत्याला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तिनं नोटीस वाचलीच असणार. काही बोलत नाहीये, म्हणजे आतून किती लागलं असेल बघ. आपण विषय काढायचा नाही."

"बरं. मग पन्नास फॉर्म आण. मी इमारतीतल्यांना देते, तू रस्त्यावरच्यांना दे. रविवारपर्यंत होईल."

आराखड्यानं तिच्याकडे अत्यंत मायेनं आणि थोड्या कीवेनं पाहिलं.

"अगं, फॉर्म वाटले तर सह्या मिळतील. मला सह्या नकोत, मनं हवीत. माणूस रस्त्यात थांबतो, टेकतो, दुसऱ्याशी बोलतो, तेव्हा त्या रस्त्याचं गाव होतं. हे एकदा लोकांना समजलं की पन्नास काय, पाच हजार हरकती येतील. मी यावर जरा सविस्तर लिहितो."

"किती सविस्तर?"

"जरा."

जरा म्हणजे अकरा हजार शब्द झाले. लेखाचं नाव 'थांबण्याचा हक्क', भाग नऊ. पहिल्या भागात आदिमानव एका दगडावर बसतो. दुसऱ्यात तो शेजारच्या दगडावर दुसऱ्याला बसू देतो. बाक सहाव्या भागात येतो. आठवा भाग 'मूक वेदना' हा आत्यावर होता, नाव न घेता. (तो लिहिताना आराखडा दोनदा रडला. त्या वेळी मूक वेदना शेजारच्या खोलीत मोठ्यानं क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होती.)

पाच दिवसांत लेख झाला आणि मग खरा घोळ सुरू झाला. एवढा लांब मजकूर लोकांपुढे ठेवायचा कुठे?

आधी त्यानं ब्लॉग काढला. ब्लॉगला रंग निवडायचा होता, अक्षर निवडायचं होतं, वर एक चित्र लावायचं होतं. त्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी आकडा आला: वाचक तीन. आराखडा आनंदानं उडाला. मग बायकोनं शांतपणे विचारलं, "तू किती यंत्रांवर उघडून बघितलास?" ऑफिसचा संगणक, घरचा लॅपटॉप आणि फोन. तीन.

मग त्याला कोणी सांगितलं की हल्ली ब्लॉग कोणी वाचत नाही, हल्ली ईमेलनं लेख पाठवतात. त्यानं ओळखीच्या चारशे जणांना पाठवला. तो चारशेच्या चारशे जणांच्या जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडला, सवलतीतल्या गाद्या आणि टक्कल घालवायच्या तेलाच्या मध्ये. एका मावसभावाचं उत्तर तेवढं आलं: 'यादीतून नाव कमी करणे.'

मग छोट्या छोट्या पोस्टची एक जागा होती. तिथं लेखाचे एकशे बारा तुकडे करून टाकले. लोकांनी वाचलं, पण प्रत्येकानं एकच तुकडा वाचला, आणि तोही वेगवेगळा. सदतिसाव्या तुकड्यात 'म्हणूनच मी म्हणतो की नाही' एवढंच आलं होतं. त्याच्याखाली दोन अनोळखी गृहस्थांचं दिवसभर भांडण चाललं. एक म्हणत होता हो, दुसरा म्हणत होता नाही.

व्हिडिओ कर असं ऑफिसातल्या टंकलेखिकाबाईंनी सुचवलं. त्यानं केला. एक तास पन्नास मिनिटांचा. बायकोनं तो ऑपरेशनच्या आधी एका घाबरलेल्या पेशंटला दाखवला आणि घरी येऊन म्हणाली, "पाचव्या मिनिटाला नाडी शांत झाली रे. तुझं काम वाया नाही गेलं."

आराखडा पार गोंधळून गेला. मुदतीतले बारा दिवस उरले होते. सोफ्यावर डोकं धरून तो बसला होता. समोर आत्या फोन नाकाला लावून काहीतरी वाचत होती. अर्धा तास झाला, तरी तिचं डोकं वर नाही.

"आत्या, काय वाचतेयस एवढं?"

"फरशी पुसायच्या दांड्याबद्दल."

"दांड्याबद्दल काय वाचायचं?"

"अरे, लोकांनी लिहिलंय ना खाली. घेतलेल्यांनी. ही बघ, एक बाई आहे, तिनं दांडा घेतला, तो मधून वाकला, तेवढ्यात तिची जाऊ आली, मग काय काय झालं... चार पानं आहेत. काल रात्रीच्या जेवणाला उठले म्हणून अर्धी राहिली होती."

"चार पानं? तू? तीन मिनिटांच्या वर?"

"वस्तू घ्यायची म्हटल्यावर माणूस जीव लावून वाचतो. हे बघ, नऊ हजार लोकांना 'उपयुक्त' वाटलंय."

आराखडा उठून उभा राहिला. नऊ हजार! पाच वर्षं दूरदेशी शिकून त्याला जे कळलं नव्हतं ते या क्षणी कळलं. या जगात लांबलचक मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचणारे लोक आहेत. ते फक्त वस्तूंच्या खाली बसलेले आहेत.

आणि वस्तू कोणती ते तर उघडच होतं. बसायची.

त्या संध्याकाळी तो घडीच्या स्टुलाच्या पानावर पहिला भाग चिकटवायला गेला, तर त्या ऑनलाइन दुकानानं अडवलं. अभिप्राय द्यायचा तर वस्तू विकत घेतलेली पाहिजे. त्यानं घेतली. मग अडवलं की एका वस्तूवर एका माणसाचा एकच अभिप्राय. आणि भाग होते नऊ.

आधी ॲल्युमिनियमचं स्टूल आलं. मग लाकडी आलं. मग मासे पकडणाऱ्यांसाठी कापडी आलं, त्याला गळ अडकवायची कडी होती. मग न्हाणीघरातलं, भोकं पाडलेलं. मग वादकांसाठी फिरणारं, मग रंगाऱ्यांचं दोन पायऱ्यांचं, मग एक वेताचं. पार्सलवाला पहिल्या दिवशी नुसता हसला. चौथ्या दिवशी म्हणाला, "दादा, सभा आहे का घरी?" सातव्या दिवशी त्यानं आणलेलं स्टूल दारातच उघडलं, त्यावर बसून पाणी मागितलं आणि म्हणाला, "हे जरा कमी उंचीचं वाटतंय. कालचं बरं होतं."

परत पाठवायचीही सोय नव्हती. वस्तू परत गेली की अभिप्राय पुसला जाई. म्हणजे निदान शुक्रवारपर्यंत स्टुलं घरात राहायलाच हवी होती. बायको हॉस्पिटलातून यायची ती दारातून सरळ चालत यायची बंद झाली. अडथळ्यांच्या शर्यतीसारखी यायची.

"अरे, हे काय आहे?"

"भाग पाचवा."

"आणि ज्यावर आत्ता माझी नडगी आपटली ते?"

"तो तिसरा. त्यात मी सावलीबद्दल लिहिलंय."

आठव्या भागासाठी मोठ्या माणसांचं वेगळं स्टूलच उरलं नाही, तेव्हा त्यानं लहान मुलांचं मागवलं. पिवळं होतं, वर बदकाचं चित्र. ते पार्सल नेमकं आत्यानं उघडलं. ती बराच वेळ त्या बदकाकडे बघत राहिली. मग डोळे पुसून, चपला घालून पत्त्यांना गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको घरी आली ती पर्स न ठेवताच म्हणाली, "मला रस्त्यात चार म्हाताऱ्यांनी मिठ्या मारल्या. एकीनं माझ्या पोटाकडे बघून 'कितवा' म्हणून विचारलं. मी 'आठवा' म्हटलं, मला वाटलं तुझ्या भागाबद्दल विचारतेय. ती मटकन खालीच बसली."

"मग?"

"मग काय मग? बाक होता म्हणून वाचली!"

(हे वाक्य त्यानं लगेच नवव्या भागात घातलं आणि तो हत्तीचं चित्र असलेल्या नवव्या स्टुलाखाली चिकटवला.)

पण काहीही म्हणा, युक्ती लागू पडली. लोक वाचायला लागले. वाचता वाचता पुढचा भाग कुठल्या स्टुलाखाली आहे ते एकमेकांना सांगायला लागले. 'भाग चार न्हाणीघराच्या स्टुलावर आहे, चुकवू नका.' 'वादकांच्या स्टुलावर मी ढसाढसा रडले.' 'अप्रतिम. आपण माणसं थांबायचं विसरलो. बाकी वजन किती पेलतं?' आदिमानवाला चार हजार जणांनी उपयुक्त ठरवलं. मूक वेदनेला सहा हजार. आराखडा फोन हातात घेऊन घरभर फिरे आणि दर दोन पावलांना स्टुलाला अडखळे, तरी त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत नसे. शेवटच्या भागाच्या शेवटी त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'वाचकहो, बाक वाचवा! शुक्रवारी पाचच्या आत आपली हरकत नोंदवा!'

शुक्रवार उजाडला. हरकतींची लाट बघायला घरी असावं म्हणून त्यानं अर्ध्या दिवसाची रजा काढली. अडीच वाजता त्यानं साहेबांना फोन लावला. वॉर्डाचे साहेब मितभाषी होते. आराखडा त्यांच्या हाताखाली आल्यापासून जास्तच झाले होते.

"साहेब, हरकतींची पेटी कशी आहे?"

"आहे तिथंच आहे."

"भरली का?"

"कुलूप पाचला उघडायचं. आत्ता कसं सांगू?"

"साधारण अंदाज?"

पलीकडे जरा खुडबुड झाली. "हलवून बघितली. वाजत नाही."

"गच्च भरली असेल!"

"एका हातानं हलवली," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. एक अतिशय नम्र बाई होत्या.

"नमस्कार सर, मी स्टूल कंपनीच्या ग्राहक सेवेतून बोलतेय. आपली हरकत मिळाली."

"माझी? मला हरकत घेताच येत नाही."

"आपली म्हणजे आपल्या वाचकांची, सर. कालपासून अकराशे चाळीस हरकती आल्यात. सगळ्यांचं म्हणणं एकच आहे की बाक काढू नका. सर, आम्ही चौकशी केली. आमच्या कंपनीनं कुठलाही बाक काढलेला नाही."

आराखडा एका स्टुलावर बसला. ते मुलांचं होतं, त्यामुळे बराच खाली बसला. "अहो, हरकत वॉर्ड ऑफिसात घ्यायची होती."

"पानावर तर आमचंच 'हरकत नोंदवा' बटण आहे, सर. लोकांनी ते दाबलं. सर, मला तक्रार बंद करायला उत्पादनातला दोष लिहावा लागेल. दोष काय आहे?"

"दोष स्टुलात नाही. दोष समाजात आहे."

"समाज हा पर्याय यादीत नाही, सर. 'पाय डगमगतो' टाकू का?"

"या अकराशे जणांत आमच्या रस्त्यावरचं कोण आहे?"

पलीकडे बरंच टकटक झालं. "एकही नाही, सर. पण दोन जण बर्फाच्या प्रदेशातले आहेत. ते म्हणतात त्यांच्याकडे बाकावर कोणी बसतच नाही, तरी त्यांचा आपल्याला पाठिंबा आहे. तर मी 'पाय डगमगतो' टाकलंय. बदली स्टूल आजच निघेल. आपला दिवस शुभ जावो!"

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आराखडा त्या बदकावर गुडघे हनुवटीला लावून बसून राहिला. अकरा हजार शब्द. सहा हजार माणसांनी डोळे पुसले. आणि सोमवारी सकाळी ट्रक येणार, तीन बाक उचलणार, आणि आत्या खिडकीशी खुर्ची ओढणार.

आत्या डावाला निघायच्या तयारीत बाहेर आली, त्याला पाहिलं आणि थबकली.

"काय रे, असा का बसलायस? बायकोची तब्येत ठीक आहे ना?"

"आत्या, मला माफ कर. तुझे बाक मी वाचवू शकलो नाही."

"कुठले बाक?"

"अगं, आपले. रस्त्यावरचे. सोमवारी काढणार ते. तू इतकी शांत राहिलीस, एक शब्द बोलली नाहीस..."

"बाक काढणार? मला कोण सांगणार? कधी ठरलं?"

आराखडा चक्रावला. "तीन आठवडे झाले. नोटीस लागलीय ना!"

"कुठे?"

"बाकावर."

"बाकावर कुठे? मी रोज बसते."

नोटिसा लावल्या तो दिवस आराखड्याच्या डोळ्यांसमोर आला. खळीचा डबा, ब्रश, डोळ्यांतलं पाणी. बाकांना पाठ नव्हती. नोटीस सपाट जागी लावावी असा नियम होता. सपाट जागा एकच होती. त्यानं तिन्ही नोटिसा बसायच्या फळीवर मधोमध, नीट सुरकुती काढून चिकटवल्या होत्या. आणि त्या रस्त्यावर बसायला आलेला प्रत्येक माणूस तीन आठवडे त्यांच्यावर बसत होता.

"म्हणजे," आत्या सावकाश म्हणाली, "गल्लीत कोणालाच माहीत नाही."

"मी लिहिलंय ना सविस्तर, आत्या. सार्वजनिक अवकाश ही संकल्पना मुळात..."

"किती वाजेपर्यंत मुदत?"

"पाच. पन्नास हरकती. पण आता..."

"वेळ झाली," आत्या म्हणाली.

ती आत गेली आणि टेलिफोनच्या टेबलाजवळ बसली. चष्मा वर सरकवला. पाठ ताठ झाली. आराखड्यानं हे रूप कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती कामावर असे तेव्हा तो शाळेत असे. तिनं वही उघडली नाही. तिला नंबर पाठ होते. इमारतीतले, रस्त्यावरचे, चढावरच्या मैत्रिणींचे, शिंपीकाकांचे, दवाखान्यातल्या बाईंचे.

"बाक काढतायत. हो, आपलेच. पाचच्या आत वॉर्ड ऑफिस. फॉर्मवर स्वतःची अडचण लिही. ठेवते."

पुढचा नंबर.

"बाक काढतायत. रडू नकोस, चपला घाल. पाचच्या आत. ठेवते."

"आत्या," आराखडा कुजबुजला, "त्यांना एवढं तरी सांग की माणूस रस्त्यात टेकतो तेव्हा..."

तिनं त्याच्याकडे न बघता एक बोट वर केलं. चौतीस वर्षं मोठमोठे व्यापारी आणि मंत्री त्या बोटानं दाबलेल्या खटक्यानं गप्प झाले होते. तोही झाला.

सव्वाचारला ती उठली तेव्हा एकोणसाठ फोन झाले होते, आणि एकही फोन पाऊण मिनिटाच्या वर गेला नव्हता.

वॉर्ड ऑफिसात त्या दिवशी जे झालं ते तिथल्या शिपायानं आपल्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. जिन्यावर काठ्या वाजत होत्या. शिंपीकाका गळ्यात टेप घेऊन तसेच आले होते. चढावरच्या ऑपरेटर हातात पत्ते धरून आल्या, कारण डाव अर्धा होता आणि कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. पाचला साहेबांनी कुलूप काढलं, पेटी टेबलावर ठेवली आणि आराखड्याला रजेवरून परत बोलावल्यासारखं हातानं बोलावलं.

"मी एकेक काढतो. तुम्ही वहीत उतरवा. फक्त कारण."

पहिलं कारण निघालं: गुडघे. दुसरं: दोन्ही गुडघे. तिसरं: डावा, उजव्याचं पुढच्या वर्षी बघू. आत्याच्या फॉर्मवर एकच शब्द होता: पत्ते. शिंपीकाकांनी लिहिलं होतं, 'गिऱ्हाईक बाकावर बसतं. बाक गेला तर दुकानात बसेल, आणि कपडा कधी मिळणार ते दर पाच मिनिटांनी विचारेल.' दवाखान्यातल्या बाईंनी लिहिलं होतं, 'पेशंट चढ चढून आल्यावर आधी बसला नाही तर रक्तदाब खोटा येतो.' आराखडा लिहीत गेला. सार्वजनिक अवकाश कुठेही नव्हता. आदिमानव नव्हता. आणि तरी लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की त्यानं अकरा हजार शब्दांत जे सांगायचा प्रयत्न केला होता ते सगळं इथं होतं, आणि त्यातलं कुठलंच त्यानं स्वतःहून कोणाला विचारलं नव्हतं.

"एकोणपन्नास," साहेब म्हणाले. पेटी उलटी केली. काही पडलं नाही. "एक कमी."

आत्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला. अकरा जण आलेच नव्हते. कोणी झोपलेलं, कोणी जिन्यात अडकलेलं. घड्याळ साडेपाच दाखवत होतं.

साहेबांनी पेटी डोळ्यांजवळ धरली, आत बोट घातलं आणि तळाशी चिकटलेला एक घडीचा कागद ओढून काढला. पेटी ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवसाचा शिक्का होता. तीन आठवड्यांपूर्वीचा. म्हणजे पेटीत पडलेली ही सगळ्यात पहिली हरकत. साहेबांनी कागद सरळ धरला, मग आडवा, मग उलटा.

"डॉक्टरी अक्षर आहे. कोणाला वाचता येतं का?"

आराखड्यानं कागद घेतला. ते अक्षर तो रोज फ्रिजवर वाचत होता. त्यानं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉस्पिटलात जाता जाता, दोन मिनिटं थांबून, बायको हरकत देऊन मोकळी झाली होती. लेख कुठे टाकायचा हे त्यानं तिला रोज विचारलं होतं. हरकत घेतलीस का, हे एकदाही नाही.

"मोठ्यानं वाचा," साहेब म्हणाले. "सगळ्यांना ऐकू येऊ दे. नियम आहे."

आराखडा वाचू लागला.

"'माझे पती लेख लिहितात. लिहून झाला की वाचून दाखवतात. अशा वेळी घराच्या बाहेर, पण मन शांत होऊन परत येता येईल इतक्या जवळ, बसायला एक जागा असणं मला वैद्यकीयदृष्ट्या अत्यावश्यक वाटतं.'"

साहेबांनी कागद परत घेतला.

"अडचण वैयक्तिक आहे," ते म्हणाले. "खरी आहे. ऑफिसच्या अनुभवाशीही जुळते. पन्नास पूर्ण. ठराव रद्द."

आणि मग टाळ्या पडल्या. काठ्या आपटल्या गेल्या, पत्ते उधळले गेले, आत्यानं शिंपीकाकांच्या पाठीत धपाटा घातला. आपण मोठ्यानं वाचलेला मजकूर लोकांनी शेवटपर्यंत ऐकला आणि वर टाळ्याही दिल्या, असं आराखड्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मजकूर बायकोचा होता, एवढंच.